नैऋत हे नाव कोणाचं

शहापूर, ६ ऑक्टोबर २०२५

ती. काशीआत्या,

नमस्कार. फोन केला नाही, कारण मागच्या वेळी गोडाऊनच्या गेटवर उभा राहून मी पाच मिनिटं ओरडलो आणि शेवटी तू विचारलंस, "कोन बोलतंय?" आटगावात त्या वेळी रस्त्यावर जेवढी माणसं होती त्या सगळ्यांना माझी ख्यालीखुशाली कळली, तुला सोडून. कानाचं मशीन घे म्हटलं तर म्हणतेस, ऐकण्यासारखं हल्ली कोणी बोलत नाही. तर मग वाच.

दोन कामं आहेत. पहिलं हलकं. वनरक्षकाची भरती निघालीय, म्हणून शहापूरच्या सेवा केंद्रात फॉर्म भरायला गेलो. तिथली मुलगी, मिताली, टाइप करता करता थांबली आणि म्हणाली, "हे नाव आहे की पत्ता? नैऋत्येला आमच्याकडे तिजोरी ठेवतात. नायतर संडास." मागची पोरं हसली. मीपण हसलो, काय करणार. घरी येऊन शोधलं तर कुठे लिहिलंय राक्षसाची दिशा, कुठे मरणाची. आत्या, बाबा आता नाहीत, आणि पाड्यात सगळे म्हणतात नाव तू ठेवलंस. दुनियेत दुसरं काही शिल्लक नव्हतं?

दुसरं काम खरं. माझ्या दाखल्यावर जन्मतारीख १४ मे १९९३ आहे. त्या हिशोबाने भरतीची वयाची अट मी सात महिन्यांनी चुकतो. आपल्या पाड्यातला गणू चुकत नाही, कारण तो नोव्हेंबर १९९५ चा. मुरबाडच्या दवाखान्यात झाला, दाखला पक्का. आणि गणूची आई गणपतीत मला म्हणाली, "तू नि गणू येकाच आठवड्यातले रं. तुझ्या आयला दूध नव्हतं, दोघांना मीच पाजलंय." मग मी अडीच वर्षं आधी कसा जन्मलो?

तू तेव्हा अंगणवाडीची सेविका होतीस. पाड्यातल्या पोराची नोंद म्हणजे तुझाच हात. तारीख चुकली असेल तर तुलाच माहीत असणार. अर्जाची मुदत ३१ डिसेंबर आहे. खोकी उचलून माझी पाठ गेलीय, आत्या. पुढची भरती निघेल तोवर मी खऱ्या वयानेसुद्धा बाहेर पडलेला असेन. ही एकच संधी आहे असं समज.

तुझा
नैऋत


बोरीचा माळ, १५ ऑक्टोबर २०२५

चि. नैऋत,

पाकीट नीट चिकटवत जा. बुधू पोस्टमनने पत्र हातात देतानाच सांगितलं, "भाचा नावावर रुसलाय." टपाल खातं इतकं कामसू झालंय की वाचूनच पोचवतं.

त्या मितालीला सांग, तिच्या नावात मैत्री आहे आणि ती रांगेतल्या गिऱ्हाइकाची टर उडवते, तेव्हा नावावर कोणी जाऊ नये. आता तुझ्या नावाची गोष्ट ऐक. सुदामने तुला सांगितली नाही, कारण माझ्या भावाला दोन वाक्यांपुढे बोलायचा कंटाळा.

तुझ्या आईची पहिली दोन पोरं महिना भरायच्या आत गेली. नाव ठेवायलाही थांबली नाहीत. आपल्यात अशा घरी पुढच्या पोराला घाणेरडं नाव ठेवतात हे तुला ठाऊक आहे: कचरू, दगडू, उकिर्ड्या. मरण दारात येतं, हाक ऐकतं, म्हणतं हा असला माल कोण नेणार, आणि पुढच्या घरी जातं. मरणाला एवढं सोवळं समजणारे लोक आपणच. तुझ्या आजीने उकिर्ड्या पक्कं केलं होतं. सुदाम सातवी शिकलेला. तो म्हणाला, "माझं पोर हजेरीला उकिर्ड्या ऐकून उभं राहनार नाय." तीन दिवस मायलेक एकमेकांशी बोलत नव्हते. जेवताना मधे मला बसवायचे. शेवटी न्याय माझ्याकडे आला, कारण घरात सरकारी रजिस्टर माझ्याकडे.

मी चौथीचं भूगोलाचं पुस्तक काढलं. आठ दिशा. पूर्वा, उत्तरा या मुली. पश्चिम, दक्षिण कोणी पोराला ठेवत नाही. ईशान ठाण्यात बंगल्यात जन्मतो, आपल्याकडे त्याचं पोट भरायचं नाही. आग्नेय म्हटलं तर आजी म्हणाली घर पेटेल. वायव्य म्हणून बघताना कोंडू भगताचा पुढचा दात हलायला लागला. राहिली नैऋत्य. पुस्तकात ती फक्त वाऱ्यापावसापुरती होती, पण कोंडू भगत सरसावून बसला. म्हणाला, "त्या कोपऱ्यात मरनाची देवी राहती. पोर तिच्याच घरचं म्हटल्यावर ती त्याला कुठून नेनार नि कुठं ठेवनार?" झालं. आजीला घाण नाव मिळालं, सुदामला पुस्तकातलं मिळालं. एकाच नावात दोन पक्ष खूश. मोठमोठ्या सभांत जमत नाही ते आपल्या ओट्यावर जमलं. शेवटच्या 'त्य'चा जोड मी काढून टाकला, कारण एवढ्याशा पोराला एवढं वजन कशाला. आख्ख्या तालुक्यात हे नाव दुसऱ्या कोणाचं नाही. पाऊसही त्याच दिशेने येतो, म्हणून ज्यांना ती दिशा वाईट वाटते त्यांनी भात खाऊ नये.

राहिलं तुझं दुसरं काम. कागदावर १९९३ आहे तर १९९३. गणूच्या आईला काल कालवण कशाचं केलं ते आठवत नाही, तिच्या साक्षीवर तू जन्मतारीख बदलणार? आणि वनरक्षक होऊन राखणार काय? आपल्या डोंगरावर आता राखण्यासारखे दगड उरलेत. गोडाऊनमध्ये डोक्यावर निदान पत्रा आहे. पाठीला राईचं तेल लाव.

आशीर्वाद.
काशीआत्या


शहापूर, २ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास नमस्कार.

दिवाळीला पाड्यावर आलो होतो. तू नेमकी आदल्या दिवशी रुचिताकडे मुरबाडला गेलीस. लेकीची आठवण दिवाळीत येणारच, माझं काही म्हणणं नाही. पण भेट झाली असती तर हे तोंडावर बोललो असतो.

आईला वयाचं विचारलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप उचलून अंगणात गेली आणि तिथे पाखडत बसली. मग मी कागदासाठी तिची ट्रंक उघडली. बाबांच्या फोटोखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तुझ्या अंगणवाडीचं वजनाचं कार्ड सापडलं. वर नाव नैऋत सुदाम, जन्म १४ मे १९९३. आईला अक्षर ओळखता येत नाही आणि तरी बत्तीस वर्षं तिने ते कोरडं ठेवलंय.

मी ते रात्रंदिवस घेऊन बसलोय. पहिलं वर्ष बरं दिसतं. मग १९९४ च्या उन्हाळ्यापासून वजन घसरायला लागतं. एप्रिलला पाच किलो सातशे. मेमध्ये पाच सहाशे. जूनला साडेपाच. पेनाचे ठिपके खाली खाली येतात आणि त्या शेवटच्या रेघेला टेकतात, जिच्याखाली पोर जगत नाही. आणि मग जुलै १९९४: सहा किलो नऊशे! एका महिन्यात जवळजवळ दीड किलो. त्यानंतर मागे वळून बघणं नाही, दर महिन्याला पावपाव किलो, पट्टीने आखल्यासारखं. सगळं तुझ्या अक्षरात.

आत्या, त्या महिन्यात काय खाऊ घातलंस मला? कुठून आणलंस? लावणीच्या दिवसांत तर आपल्या कोणाच्याच घरात दाणा नसायचा. तू कधी बोलली नाहीस. आम्ही तुला तिखट जिभेची म्हणून हसत राहिलो आणि तू मला त्या रेघेखालून उचलून आणलंस.

वयाचा प्रश्नही मिटला. कार्ड १९९३ चं आहे, म्हणजे मी १९९३ चाच. आजारी होतो म्हणून गणूच्या आईने मोठ्या पोराला पाजलं असेल आणि तिला आठवडे आठवत असतील पण वर्षं नाहीत. अर्ज करत नाही. वाईट वाटलं, पण त्याबदल्यात हे कळलं. मी जिवंत आहे तो तुझ्यामुळे. पुढच्या वेळी आलो की तुझ्या पाया पडणार आहे, तू नको म्हणालीस तरी.

तुझा
नैऋत


बोरीचा माळ, ११ नोव्हेंबर २०२५

चि. नैऋत,

पाया पडायला येऊ नकोस. ते कार्ड होतं तिथे ठेव आणि कोणाला दाखवू नकोस. भरतीचा नाद सोडलास ते बरं केलंस. आईला काही विचारत जाऊ नकोस, तिला त्रास होतो.

काशीआत्या


शहापूर, २४ नोव्हेंबर २०२५

आत्या,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. तू आहेराच्या पाकिटावरसुद्धा यापेक्षा जास्त लिहितेस.

म्हणून रविवारी पुन्हा पाड्यावर गेलो. तू सांगितलंस तसं केलं नाही. कार्ड काढलं आणि आईच्या शेजारी बसून एकेक महिना मोठ्याने वाचला. जूनपर्यंत ती मान हलवत होती. "जुलै, सहा किलो नऊशे," म्हटलं तर मान थांबली.

"नाय," म्हणाली.

"आई, इथे लिहिलंय."

"लिवलं आसंल. जुलैत तो टोपलीत ठेवला तं टोपली रिकामीच वाटायची. बसवला तं मान टाकायचा."

"मला आठवत नाही," मी म्हटलं. वेड्यासारखं.

"तुला कसं आठवंल? तू नाय. तो."

मी विचारलं, रडलो, शेवटी ओरडलो. ती गुरांना पाणी दाखवायला गेली.

आत्या, तो कोण?

एक अजून. शहापूरला अनिल वकिलांना भेटलो. ते म्हणतात, हे सोपं आहे. त्या वेळच्या सेविकेने एक ओळ लिहून द्यायची, की नोंद करताना नजरचुकीने १९९५ ऐवजी १९९३ पडलं. गणूच्या आईची साक्ष जोडायची. दुरुस्तीचा अर्ज दाखल झाल्याची पावती फॉर्मला लावता येते, बाकी नंतर. वकील म्हणाले, "बाईंना सांगा, चूक कोणाचीही होते. कोणी फाशी देत नाही."

मुदत ३१ डिसेंबर. तुझ्या एका ओळीवर माझी नोकरी आहे. पण ती ओळ द्यायच्या आधी मला सांग, आईचा "तो" कोण. तुझ्याकडून हवंय. पाड्यातल्या दुसऱ्या कोणाकडून ऐकायला लावू नकोस.

नैऋत


बोरीचा माळ, ३ डिसेंबर २०२५

चि. पोरा,

नाव लिहीत नाही. का, ते वाचशील.

मी तुला सांगितलेली नावाची गोष्ट खरी आहे. उकिर्ड्या, सुदामचा रुसवा, भगताचा दात, सगळं खरं. फक्त ती तुझी नाही. ती तुझ्या थोरल्या भावाची आहे. १४ मे १९९३ ला तो झाला. नैऋत त्याचं नाव.

गोरा नव्हता, गुटगुटीत नव्हता. पण मला बघून हसायचा. माझ्याकडे अंगणवाडीच्या खाऊची सुकडी असायची म्हणून असेल, मी भ्रमात नाही.

९४ च्या लावणीला तुझी आई सोमी लोकांच्या शेतावर जायची आणि हा माझ्या अंगणवाडीत टोपलीत पडलेला असायचा. जुलैच्या वजनाच्या आठ दिवस आधी पर्यवेक्षिका बाई आल्या. वरून पाहणी येणार होती. त्या आधी त्या परिसरात पोरं गेलेली, पेपरात आलेलं, वरचे चिडलेले. शेवटच्या रेघेखालचं पोर सापडलं की जीप मागवायची, मुरबाडला भरती करायचं, आईला सोबत ठेवायचं, आणि हे झालं कसं याचं कारण सेविकेने लेखी द्यायचं. बाई मला खोटं लिही म्हणाल्या नाहीत. तसं कधी कोणी म्हणत नाही. त्या जाताना चप्पल घालता घालता म्हणाल्या, "काशी, यंदा काटा जरा नीट बघ."

मी नीट बघितला. चार किलो नऊशे. झोळीत तो लोंबत होता आणि काट्याची सुई हलत नव्हती. मी सहा नऊशे लिहिलं.

तुला वाटेल घाबरून लिहिलं. घाबरले होते, पण खरं कारण त्याहून हलकं आहे. आदल्या महिन्यात शेजारच्या वाडीतल्या सेविकेला कारण लेखी द्यायला लावलं होतं आणि सभेत सगळ्यांपुढे उभं केलं होतं. मला उभं राहायचं नव्हतं. मला वाटलं, पाहणी होऊ दे, मग ऑगस्टला खरं वजन लिहीन, मग जीप मागवीन. महिन्याचा तर प्रश्न.

पाहणी झाली. साहेबांनी कार्ड बघितलं आणि म्हणाले, "छान." त्यांनी टोपलीत बघितलं नाही. ऑगस्टच्या नऊ तारखेला तो गेला. ताप नाही, जुलाब नाहीत. दुपारी सोमी आली, उचललं, आणि म्हणाली, "वन्सं, हा गार का लागतोय?" तिने मला आजवर त्याहून मोठा प्रश्न विचारला नाही, कारण जुलैचा आकडा तिला ठाऊक नव्हता. मी तो तिला कधी वाचून दाखवला नाही. तू दाखवलास.

सुदामने त्याला शेताच्या कडेला पुरला. नोंद कोणी केली नाही. एवढ्याशा पोराची आपल्यात कोणी करत नाही. मी तर करूच शकत नव्हते. सहा नऊशेचं धडधाकट पोर एका महिन्यात मरतं कसं, हे कुठल्या रकान्यात लिहू? म्हणून मी त्याला मारलाच नाही. दर महिन्याला पावपाव किलोने वाढवला. तू म्हणतोस पट्टीने आखल्यासारखं. पट्टीनेच आखलं होतं. त्याच्या नावाची सुकडी येत राहिली, इतर पोरं खात राहिली. माझ्या हातचं इतकं गुणी पोर दुसरं झालं नाही.

९५ च्या नोव्हेंबरात तू झालास. घरीच. सुदाम म्हणाला, "येक कागद हाय ना? त्योच वापरू. कशाला मुरबाडच्या खेपा." त्याने ते साधेपणाने म्हटलं, जसं थोरल्याचा सदरा धाकट्याला घालतात. मी हो म्हटलं, कारण मला हवंच होतं. सोमीला कोणी विचारलं नाही. तू साडेचार वर्षांचा असताना मी तुला सात वर्षांचा म्हणून शाळेत घातला. गुरुजींनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि लिहून घेतलं. त्या वर्गात सगळीच पोरं वयापेक्षा लहान दिसायची.

कानांमुळे काम सोडलं तेव्हा मुरबाडला माझा सत्कार झाला. शाल, नारळ. भाषण करणाऱ्याने सांगितलं, काशीबाईंच्या रजिस्टरात बालमृत्यू शून्य. टाळ्या पडल्या. मला ऐकू आल्या नाहीत, पण हात हलताना दिसले.

आता तुझं काम. सोबत दोन कागद आहेत. पहिल्यावर वकिलाला हवी तशी एक ओळ आहे: नजरचुकीने १९९५ ऐवजी १९९३. तो दिलास तर तुझी नोकरी वाचेल, आणि माझीही अब्रू. दुसऱ्यावर वर लिहिलेलं सगळं आहे, तारखांसकट, बाईंच्या चपलेसकट. दोन्हींवर माझी सही आहे. कुठला द्यायचा ते मी ठरवत नाही. मी एकदा ठरवलं होतं.

काशी


शहापूर, ९ फेब्रुवारी २०२६

आत्या,

दोन महिने उत्तर दिलं नाही. राग होता, आहे. पण काय झालं ते तुला माझ्याकडून कळायला हवं, म्हणून लिहितोय.

डिसेंबरच्या एकोणतीस तारखेला आईला घेऊन अनिल वकिलांकडे गेलो. तुझे दोन्ही कागद टेबलावर ठेवले. वकिलांनी दुसरा वाचला, चष्मा पुसला, आणि पुन्हा पहिला हातात घेतला. म्हणाले, "हे बघ, हा दिलास तर आज संध्याकाळपर्यंत अर्ज होतो. तो दिलास तर तुझा जन्मदाखला मेलेल्या माणसाचा ठरतो. मग शाळेचा दाखला, जातीचा दाखला, आधार, सगळं त्याचं. तुझं म्हणून एक चिठोरंही राहणार नाही. चौकशी लागेल. भरती विसर."

मी सोपा कागद उचलला. खरं सांगतो, मी तोच उचलला.

आईने विचारलं, "यात थोरल्याचं काय लिवलंय?"

वकील म्हणाले, "यात त्याचं काही नाही हो. यात तुम्हाला एकच मुलगा."

"म्हंजे तो झालाच नाय?"

"कागदापुरतं म्हणतोय मी, आई."

"मंग तो दुसरा कागुद मला द्या," ती म्हणाली. "तुमाला नाय ना लागत?"

वकील म्हणाले, त्या कागदाचा एकट्याचा काही उपयोग नाही. तिने तरी घेतला, घडी घातली आणि पोलक्यात ठेवला. मला अडवलं नाही. सेवा केंद्रापर्यंत आम्ही चालत गेलो. मितालीने फॉर्म उघडला, नाव टाकलं, म्हणाली, "कागद द्या." आई माझ्या मागे उभी होती. मी वळून बघितलं तर ती पोलक्यावर हात दाबून उभी होती, जसं गर्दीत कोणी पैसे सांभाळतं. मी मितालीला म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, "दोन दिवस राहिलेत हं." गणूचा अर्ज त्याच दिवशी झाला. तो हल्ली सकाळी पळायला जातो.

मग थोरल्याच्या मृत्यूची उशिरा नोंद करायला तहसीलचा आदेश आणायला सव्वा महिना. तुझा दुसरा कागद, कार्ड, गणूच्या आईचा जबाब. तुला चौकशीचं पत्र आलंय हे बुधूने सांगितलं. मी थांबवणार नाही. थांबवता येतही नाही. माझे कागद "चौकशीअधीन" असा शिक्का मारून ठेवलेत. गोडाऊनमध्ये अजून कोणी विचारलेलं नाही, विचारतील तेव्हा बघू.

परवा मुरबाडला नोंद झाली. आई आणि मी खिडकीपुढे. कारकून तरुण होता, चांगला होता, आईला बसायला खुर्ची दिली. मृताचं नाव? नैऋत. वडील, सुदाम. वय, एक वर्ष तीन महिने. मग त्याने विचारलं, "मृत्यूचं कारण?"

मी तुझा कागद पुढे केला. तो म्हणाला, "एवढं नाही मावत. एक शब्द सांगा. ताप लिहू?"

"ताप नव्हता त्याला," आई म्हणाली.

"मग जुलाब?"

"नव्हते."

"मावशी, काहीतरी लिहावं लागेल."

"भूक लिव्हा," ती म्हणाली.

कारकुनाने स्क्रीनवर यादी उघडली. वरपासून खालपर्यंत सरकवली, मला दाखवायला स्क्रीन फिरवली. शेकडो आजार होते. तो हळू आवाजात मला म्हणाला, "भूक हा आजार यादीत नाय हो दादा. मी आडवी रेघ देतो. चालेल?" मी मान हलवली. प्रिंट निघाली. नाव होतं, तारीख होती, ९ ऑगस्ट १९९४. कारणाच्या चौकटीत एक आडवी रेघ.

बाहेर आलो. स्टँडवर टोकावड्याची गाडी लागलेली होती. आईने कागद माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा करून बघितला, आणि त्या चौकटीवर बरोबर बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही, पण कारकून किती वेळ कुठे अडला होता ते तिने पाहिलं होतं.

"हितं काय लिवलंय?" तिने विचारलं.

ड्रायव्हरने गाडी चालू केली. माणसं चढत होती. ती वर बघत होती माझ्याकडे.

मी म्हटलं, "तू सांगितलंस तेच."

तुझा
भाचा